पंचवीस सेंटांचा होंडो

मामाच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, पण उजव्याचा पडदाच गेलेला होता, त्याला इलाज नव्हता. वर्तमानपत्राचे मथळे त्याला दिसायचे, खालची बातमी दिसायची नाही. भिंग आणून झालं, टेबललॅम्प आणून झाला. शेवटी मी त्याला एक टॅब नेऊन दिला आणि त्याच्या शेजारी बसून अक्षर मोठं करत गेले. एकेक पायरी चढवली तसा तो मान पुढे काढायचा, ‘अजून’ म्हणायचा. एका स्क्रीनवर जेमतेम आठ-दहा ओळी मावतील इतकं अक्षर फुगलं तेव्हा तो खुर्चीत मागे टेकला आणि ओठ हलवत वाचायला लागला. समोर काय होतं कोण जाणे, कुठल्याशा पुस्तकाची फुकट नमुना पानं असावीत. पण तो ती शेवटपर्यंत वाचून थांबला आणि म्हणाला, “आता लुई लामूर काढ. होंडो असेल बघ.”

लामूर म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या घोडेस्वार-बंदुकवाल्यांच्या ‘वेस्टर्न’ कादंबऱ्या लिहिणारा, होंडो ही त्यातलीच एक. होंडो होतं. तिथेच खाली छापील पेपरबॅक होतं आणि ई-पुस्तकाची किंमत त्या पेपरबॅकहून जास्त होती. बाजूला बारीक अक्षरात एक ओळ होती, ही किंमत प्रकाशकाने ठरवलेली आहे. मी आकडा वाचून दाखवला. मामाने विचारलं, “छापलेलं स्वस्त आणि बिनकागदाचं महाग? ते का?” मला धड सांगता येईना. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “राहू दे गं मग.”

मामाला रेल्वेचं पेन्शन आहे, चांगलं आहे. तेवढे पैसे तो नातवंडांच्या आइस्क्रीमवर एका संध्याकाळी उडवतो. त्यामुळे हे ‘राहू दे’ खिशातून आलेलं नव्हतं. त्या पुस्तकाची किंमत काय असायला हवी याचा त्याच्या मनात एक हिशेब होता, आयुष्यभराच्या वाचनातून पक्का झालेला, आणि समोरचा आकडा त्या हिशेबात बसत नव्हता. छापील प्रत मागवून उपयोग नव्हता, कारण ती त्याला वाचताच आली नसती. म्हणजे ज्याला ई-पुस्तकावाचून पर्यायच नाही त्यालाच ते महाग पडत होतं. पुण्याला परतल्यावरही हे माझ्या डोक्यातून जाईना.

मामा मालगाडीवर गार्ड होता, भुसावळला. मालगाडीच्या शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये गार्ड एकटाच असायचा. गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकली की मेल-एक्स्प्रेस पास होईपर्यंत तिथेच. कधी तास, कधी तीन तास. बडनेऱ्याच्या बाजूला मे महिन्यात व्हॅनचा पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो. बाहेर बाभळी, पांढुरका फुफाटा, दूरवर एखादं गुरं राखणारं पोर. अशा ठिकाणी मामा ॲरिझोना वाचायचा. तो म्हणतो, या कादंबऱ्या त्याला कधी परक्या वाटल्याच नाहीत. कोरड्या नदीच्या पात्रात खड्डा खणून पाणी काढणारा माणूस त्याने वाघूरच्या पात्रात लहानपणी पाहिला होता, फक्त त्याच्या कमरेला पिस्तूल नव्हतं. त्याचं इंग्रजी बेताचं होतं. झेन ग्रे या जुन्या वेस्टर्न लेखकाची निसर्गवर्णनं तो सरळ वगळायचा, लामूरच्या छोट्या वाक्यांवर मात्र त्याचा हात बसला होता. ऑलिव्हर स्ट्रेंजचा बंदुकबाज नायक ‘सडन’ हा तर त्याच्या पिढीच्या कितीतरी भारतीय वाचकांचा लाडका. स्ट्रेंज इंग्रज होता आणि त्याने अमेरिका पाहिलेलीही नव्हती, हे मी मामाला सांगितलं तेव्हा त्याला जराही धक्का बसला नाही. “मी तरी कुठे पाहिलीय,” म्हणाला.

ही पुस्तकं यायची दोन वाटांनी. पासवर मुंबईला गेला की फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून, आणि एरवी भुसावळातच स्टेशनरोडच्या एका दुकानातून, जिथे पुस्तक विकत मिळायचं आणि वाचून परत नेलं की निम्मे पैसे हातात पडायचे. पुस्तकांच्या कडा लाल नाहीतर पिवळ्या रंगाने रंगवलेल्या असत, तो रंग घामेजल्या बोटांना लागायचा. आतल्या पानावर तीन-तीन वाचनालयांचे शिक्के, एकावर एक. कणा दाभणाने टोचून जाड दोऱ्याने शिवलेला, त्यामुळे ओळींची आतली टोकं शिवणीत जायची आणि पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरावं लागायचं. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने किंमत; ती खोडून दुसरी; तीही खोडून तिसरी. प्रत जितकी जुनी तितकी स्वस्त. शेवटचं पान नसेल तर दुकानदार स्वतःहून सांगायचा आणि आणखी कमी घ्यायचा. तो व्यवहार मामाला समजत होता, कारण प्रत्येक आकड्यामागचं कारण डोळ्यांनी दिसत होतं.

ई-पुस्तकाच्या आकड्यामागचं कारण दिसत नाही.

वेस्टर्न कादंबरीचं आणि किमतीचं नातं फार जुनं आहे. १८६० साली न्यूयॉर्कच्या बीडल कंपनीने दहा सेंटांची पुस्तकमालिका सुरू केली, पहिलं पुस्तक ॲन स्टीफन्स या बाईंचं होतं. ती मालिका इतकी खपली की तसल्या सगळ्याच पुस्तकांना लोक त्या दहा सेंटांच्या नाण्याच्या, ‘डाइम’च्या, नावाने ओळखायला लागले. सरहद्दीवरचे शिकारी, रेड इंडियन, घोडे, पाठलाग हा सगळा ऐवज आधी तिथे साचला, आणि मग ओवेन विस्टर, झेन ग्रे वगैरे मंडळी आली. म्हणजे हा कादंबरीप्रकार आधी स्वस्त झाला आणि नंतर प्रतिष्ठित झाला. बाकीच्या साहित्यात बहुधा उलटं घडतं. पुढे १९५० साली फॉसेट कंपनीने गोल्ड मेडल नावाची मालिका काढली. तोवर पेपरबॅक म्हणजे आधी कापडी बांधणीत निघून गेलेल्या पुस्तकाची स्वस्त आवृत्ती. गोल्ड मेडलने नव्या कादंबऱ्या थेट पेपरबॅकसाठीच लिहून घेतल्या, किंमत पंचवीस सेंट, आणि लेखकाला पैसे दिले ते किती प्रती खपल्या त्यावर नाही तर किती छापल्या त्यावर. होंडो १९५३ मध्ये तिथूनच निघाली.

हा पंचवीस सेंटांचा आकडा मला नुसता इतिहास वाटत नाही. पुस्तकाच्या अंगाखांद्यावर त्याच्या खुणा आहेत. पुस्तक त्या किमतीत बसायचं तर पानं दीडशे-दोनशेच्या पुढे जाऊन चालत नाही. पहिल्या पानावर माणूस घोड्यावर दिसलाच पाहिजे, कारण वाचक औषधाच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडसमोर उभा राहून पहिलं पान वाचणार आणि तिथेच ठरवणार. प्रकरण संपताना पुढे ढकलणारं काहीतरी हवं. लामूरची तुटक वाक्यं, मॅक्स ब्रँडचा वेग, या गोष्टी आज आपण शैली म्हणून वाखाणतो, पण त्यांच्या बुडाशी ही किंमत आहे. घाईत असलेल्या, फार पैसे नसलेल्या माणसाने क्षणात उचलावं म्हणून हे लिहिलं गेलं. आणि ज्यांनी लिहिलं त्यांनी ते मन लावून लिहिलं. लामूर पाणवठे आणि वाटा याबाबतीत किती काटेकोर होता हे त्याचे वाचक जाणतात.

मी महागाईचा हिशेब मांडून पाहिला. १९५३ चे पंचवीस सेंट म्हणजे आजचे साधारण तीन डॉलर. हा आकडा वहीत लिहिला तेव्हा मला एकदम हुरूप आला. मामाच्या मनातला हिशेब आणि लामूरच्या पहिल्या वाचकाचा हिशेब जवळपास एकच निघाला होता. तीन डॉलर म्हणजे आपले अडीचशेच्या घरात. भारतातल्या वाचकासाठी तो आकडाही उतरायला हवा असं माझं मत आहे, कारण अमेरिकेत तीन डॉलर जितक्या सहज खर्च होतात तितके इथे अडीचशे होत नाहीत. शंभर-सव्वाशे रुपये ठेवा. पण निदान सुरुवात त्या तीन डॉलरपासून व्हावी. आठ-नऊ डॉलरपासून नको.

यावर लगेच कुणी म्हणेल की ई-पुस्तकाला खर्च काय, फुकटच द्यायला हवं. हे मात्र मला मान्य नाही, कारण मी स्वतः त्या कामात आहे. जुन्या मराठी पुस्तकांची ई-पुस्तकं होतात तेव्हा स्कॅन केलेल्या पानांवरून यंत्राने वाचलेला मजकूर माझ्याकडे तपासायला येतो. ‘ख’चा ‘रव’ झालेला असतो, ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’. भाऊ असतो तिथे माऊ येते. १९६० सालच्या पुस्तकाची कुठलीही फाइल कुठेही नसते. असते ती एक पिवळी प्रत, कडेला वाळवीने खाल्लेली, तिचा कणा सोडवून पानं सुटी करावी लागतात. पान फिकट असेल तर यंत्र चकतं, पान काळवंडलं असेल तरी चकतं. इंग्रजीचं तेच. आर आणि एन ही अक्षरं चिकटली की यंत्राला एम दिसतो, मग गोठ्याचा ‘बार्न’ होतो ‘बॅम’. टी आणि एच चिकटले की डी-आय दिसतं, आणि ‘द’ या साध्या उपपदाच्या जागी ‘डाय’ येऊन बसतं. गोळीबाराच्या प्रसंगात हा शब्द मध्येच आला की वाचक अडखळतो, मागे जातो, पुन्हा वाचतो. मामासारखा बेताच्या इंग्रजीचा वाचक तर आपल्यालाच कळलं नाही असं समजून पुस्तक बाजूला ठेवतो. या चुका काढायला माणूसच लागतो, ओळीवर पट्टी ठेवून वाचणारा. त्याची मजुरी किमतीत असलीच पाहिजे.

पण ही मजुरी एकदाच द्यावी लागते. कागद, छपाई, गोदाम, ट्रक, न खपलेल्या प्रती परत येणं, हे छापील पुस्तकाला प्रत्येक आवृत्तीत पुन्हा पुन्हा लागतं; ई-पुस्तकाचं एकदा नीट झालं की हजारावी प्रत जवळजवळ खर्चाशिवाय निघते. लामूरसारख्या लेखकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या आहेत. त्याच्या पुस्तकाचा तपासणीचा खर्च केव्हाच वसूल झालेला असणार.

मग तो वरचा पैसा जातो कुठे, हे मी शोधायला लागले आणि तिथे मला खरा राग आला. अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशकांचा ठरलेला रिवाज असा आहे की ई-पुस्तकातून प्रकाशकाच्या हाती जे पडतं त्याचे २५ टक्के लेखकाला. दुकान आधी ३० टक्के काढून घेतं. म्हणजे ७.९९ डॉलरच्या ई-पुस्तकातले प्रकाशकाला साधारण ५.६० आणि लेखकाला किंवा त्याच्या वारसांना साधारण १.४०. तेच पुस्तक वारसांनी स्वतः २.९९ डॉलरला लावलं, तर ॲमेझॉनच्या नियमाप्रमाणे २.९९ ते ९.९९ च्या पट्ट्यात ७० टक्के त्यांचे, म्हणजे साधारण २ डॉलर. वाचकाने निम्म्याहून कमी दिले आणि लेखकाच्या घरी जास्त पोचले. हा साधा गुणाकार आहे, पण मी तो दोनदा करून पाहिला. ‘लेखकासाठी जास्त पैसे द्या’ हे वाक्य मी आजवर स्वतः कितीदा म्हटलं असेल, आणि ते अजूनही मला खरंच वाटतं. फक्त जास्त किंमत आणि लेखकाला जास्त पैसे, या दोन गोष्टी आपोआप जोडलेल्या नसतात.

जुन्या पुस्तकांच्या करारांत तर ई-पुस्तक हा शब्दच नव्हता. १९६० ते १९८० च्या दशकांत ‘पुस्तकरूपाने’ छापण्याचे हक्क दिले, त्यात पडद्यावरचं पुस्तक येतं का, यावर रँडम हाउस या मोठ्या प्रकाशकाने रोझेटा बुक्स या छोट्या कंपनीवर खटला भरला होता. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रोझेटाच्या बाजूने कौल दिला, पुढल्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो कायम ठेवला. तेव्हा कितीतरी म्हाताऱ्या लेखकांना कळलं की आपल्या जुन्या पुस्तकांचे हे हक्क अजून आपल्याकडेच असू शकतात. २००९ साली जेन फ्रीडमन यांनी ओपन रोड ही कंपनी काढली ती याच जुन्या पुस्तकांच्या जोरावर, नफ्यात लेखकाला निम्मा वाटा देऊन. इंग्लंडात पिकाडिली पब्लिशिंग नावाचं छोटं घर वेस्टर्नच्याच वेडाने जुन्या ब्रिटिश लेखकांच्या मालिका, जे. टी. एडसन वगैरे, स्वस्तात ई-पुस्तकं करून देतं. अमेरिकन कायद्यात आणखी एक सोय आहे: १९७८ पूर्वी दिलेले हक्क, पुस्तक प्रकाशित होऊन ५६ वर्षं झाली की ठराविक मुदतीत नोटीस देऊन लेखक किंवा वारस परत मागू शकतात. या वाटा आहेत, पण त्यांना वकील लागतो. आणि दुसऱ्या बाजूने एक दार बंदही झालं. जुन्या करारात कलम असायचं, पुस्तक बाजारात मिळेनासं झालं की हक्क लेखकाकडे परत. ई-पुस्तक कधी संपतच नाही. महाग लावून ठेवलं, वर्षाला चार प्रती खपल्या, तरी ते ‘उपलब्ध’ असतं, आणि हक्क जिथे आहेत तिथेच राहतात. नव्या करारांत शहाणे लेखक खपाचा किमान आकडा घालून घेतात. जे गेले त्यांचं काय?

झेन ग्रे १९३९ मध्ये गेला, मॅक्स ब्रँड १९४४ मध्ये, युद्धवार्ताहर म्हणून इटलीत असताना. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतात, हा आपल्या कायद्याचा हिशेब. त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांचे हक्क आपल्याकडे कधीच संपले. ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ हे १९१२ चं पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहे आणि तिथली बरीचशी पुस्तकं जगभरचे स्वयंसेवक पानापानाने तपासतात, पैसे न घेता. या लोकांबद्दल मला अपार आदर आहे. तरीही तेच पुस्तक दुकानात डझनावारी मुखपृष्ठांनी विकायला असतं. कुणीतरी फुकटची फाइल उचलून वर सूर्यास्ताचं चित्र लावलेलं असतं, आत प्रकरणांची यादीसुद्धा नसते. ॲमेझॉन अशा मुक्त पुस्तकांना ७० टक्क्यांचा वाटा देत नाही, ३५ च देतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

आणि तरीही झेन ग्रेच्याच एका पुस्तकासाठी मी आनंदाने पैसे मोजीन. ‘द व्हॅनिशिंग अमेरिकन’ १९२२-२३ मध्ये एका बायकांच्या मासिकात क्रमशः आलं. त्यात रेड इंडियन नायक आणि गोरी नायिका यांचं प्रेम होतं, आणि मिशनऱ्यांचं काही बरं चित्र नव्हतं. वाचकांचा संताप झाला. १९२५ मध्ये पुस्तक काढताना शेवट बदलायला लावला. त्या दोघांचं लग्न होऊ नये म्हणून नायकाला मरावं लागलं. ग्रेने लिहिला होता तसा शेवट छापला गेला तो १९८२ मध्ये, लेखक जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाल्यावर. कुणीतरी हस्तलिखित काढून, ताडून, हे केलं. लामूरचा मुलगा बो लामूर याने वडिलांच्या कागदपत्रांतून टिपणं, पत्रं, अर्धवट खर्डे शोधून जुन्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांना जोडले आहेत, तेही असंच काम. अशा आवृत्तीला जास्त किंमत लावली तर ती मला खटकत नाही. फक्त ते काम काय केलंय हे पुस्तकाच्या पानावर स्पष्ट लिहा. तपासनिसाचं नाव लिहा. कुठल्या प्रतीवरून मजकूर घेतला ते लिहा. स्टेशनरोडचा दुकानदार शेवटचं पान नाही हे तोंडाने सांगायचा, तेवढा प्रामाणिकपणा इथेही हवा.

त्या दुकानदाराची निम्मे पैसे परत देण्याची रीत मला सारखी आठवते. ई-पुस्तक परत विकता येत नाही, मैत्रिणीला देता येत नाही. आपण पुस्तक विकत घेतो असं वाटतं, प्रत्यक्षात वाचण्याचा परवाना घेतो. २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या कादंबऱ्यांच्या काही प्रती गिऱ्हाइकांच्या यंत्रांवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरं, पैसेही परत दिले, कंपनीने माफीही मागितली, पण पुस्तक रात्रीत जाऊ शकतं हे सगळ्यांना कळलं. मामाच्या पलंगाखाली एक लोखंडी ट्रंक आहे, गार्डाची काळी पेटी असते ना, तशी, वर पांढऱ्या रंगात नाव. तिच्यात त्याच्या कादंबऱ्या आहेत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या. ती ट्रंक मला मिळणार आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. टॅबमधलं मला काहीच मिळणार नाही. ज्या वस्तूतून उसनं देणं, विकणं आणि मागे ठेवणं हे तिन्ही काढून घेतलंय ती वस्तू, जिच्यात हे तिन्ही आहे तिच्यापेक्षा महाग असू नये. मामाच्या ‘ते का?’ला माझ्याकडे आता एवढं तरी बोलायला आहे.

एक बाजू मात्र ट्रंकेच्या विरुद्ध जाते आणि ती मला अस्वस्थ करते. त्या ट्रंकेतल्या एकाही पुस्तकासाठी मामाने दिलेला पैसा लामूरला मिळालेला नाही. सगळा फुटपाथचा माल. मामाने आयुष्यभर त्याच्यावर प्रेम केलं, त्याची पुस्तकं चार-चार वेळा वाचली, आणि लेखकापर्यंत त्यातला एक पैसा गेला नाही. ई-पुस्तकाचं उलट आहे. प्रत्येक नवा वाचक थेट खात्यात दिसतो, जुनी प्रत हातोहात फिरत नाही. म्हणून तर मी फुकटच्या बाजूने नाही. मामाने शंभर-सव्वाशे रुपये दिले असते तर त्यातले काही तरी, आयुष्यात पहिल्यांदा, लामूरच्या घरी गेले असते. महाग किमतीमुळे तेही गेले नाहीत. होंडोचे हक्क अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षांनी आणि भारतात लेखक गेल्यापासून साठ वर्षांनी संपतील, आणि योगायोगाने दोन्हीकडे तारीख एकच येते, १ जानेवारी २०४९. मामा आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे.

सरकारचाही यात हात आहे, तो छोटा पण टोचणारा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर आधी १८ टक्के होता. २०१८ मध्ये तो ५ वर आणला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे त्याच ई-पुस्तकासाठी. जी जुनी पुस्तकं आता कुणी छापणारच नाही, नुसती ई-पुस्तक म्हणून जगू शकतात, त्यांच्यासाठी तो मोठा दर तसाच ठेवला. मोठं अक्षर लागणारे वाचक आणि विसरले गेलेले लेखक, दोघांनाही एकाच वेळी फटका बसेल असा नियम आहे हा, आणि तो बदलावा असं मला मनापासून वाटतं.

गेल्या खेपेला ट्रंक उघडली होती, गोळ्या बदलायला. लामूर, एडसन, स्ट्रेंज यांच्या खाली, अगदी तळाशी, काही पुस्तकं अशी निघाली की ज्यांच्या लेखकांची नावं मी कधी ऐकलेली नाहीत. मुखपृष्ठं गेलेली, एकाचं नुसतं पाठचं पान शिल्लक. काही नावं टोपणनावं असणार. या धंद्यात एकट्या फ्रेडरिक फाउस्टने मॅक्स ब्रँडखेरीज कितीतरी नावांनी लिहिलं. मी त्यातली नावं एकेक करून शोधली. बऱ्याचशा पुस्तकांचं ई-पुस्तक निघालेलंच नाही, स्वस्त नाही आणि महागही नाही. वारस कोण ते कळत नसेल, किंवा कुणाला ते काम परवडत नसेल. होंडो लाखांनी खपली आहे, ती तीन डॉलरला मिळालीच पाहिजे, त्यावर माझं म्हणणं बदलणार नाही. पण या तळच्या पुस्तकांपैकी एखादं कुणी पिवळ्या प्रतीवरून सोडवून, ओळीवर पट्टी ठेवून, नीट तपासून काढलं, आणि दोनशे वाचकांत तो खर्च निघायचा म्हणून आठ डॉलर मागितले, तर मी ते देईन. त्यातल्या एका पुस्तकाबद्दल, एका स्टेशनमास्तरच्या विधवेच्या गोष्टीबद्दल, मी दोन छोट्या प्रकाशकांना पत्र लिहिलं आहे आणि प्रत स्कॅनसाठी पाठवायची तयारी कळवली आहे.